आपाची मराठी

आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी बहिणी गोंदियात वाढलो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मी दुसरीची परीक्षा दिली होती. पत्रावरचा जिल्हा बदलला, एवढेच मला कळले. त्याच वर्षी आपाची शाळा सुटली. ती सातवी पास झाली होती. अब्बा राईस मिलमध्ये हमाली करत; पण ते काम वर्षभर नसे. उरलेले दिवस घर विड्यांवर चाले.

विडी वळणे बघायला सोपे वाटते. तेंदूची पाने भिजवायची, साचा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, टोक दुमडायचे आणि सुताने बांधायचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळे. सैल विडी बाद होई, तिचे पैसे नाहीत. आपाची विडी क्वचितच बाद झाली. मात्र तंबाखूच्या धुळीने तिला तेव्हा लागलेला खोकला आजही थंडीत उठतो. मला ती विड्यांच्या सुपाला हात लावू देत नसे. मी बाजूला बसून मोठ्याने धडा वाचायचा, हे माझे काम.

आमच्या अंगणात शेजारच्या बायाही विड्या वळायला येत. धानाची रोवणी सुरू झाली की त्या शेतावर जात आणि अंगण ओस पडे. त्या झाडीबोली बोलत. झाडीबोली म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली मराठी. आपा मराठी त्यांच्याकडून शिकली आणि मी आपाकडून. या बोलीत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. पाण्याला पानी म्हणतात, डोळ्याला डोरा. आम्हा उर्दू बोलणाऱ्यांच्या जिभेलाही ही अक्षरे जडच. शाळेत मी 'डोरा' म्हटले, तेव्हा मराठीच्या बाईंनी माझ्याकडून पाच वेळा 'डोळा' म्हणवून घेतले. घरी येऊन मी आपाची बाई झाले. तिने दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाली, "त्यातून दिसते ना? मग झालं!"

घरी आम्ही उर्दू बोलतो. उर्दूत मी तिला 'आप' म्हणते. मराठीत मात्र मोठ्या बहिणीला, आईलासुद्धा 'तू' म्हणतात. मुलांनो, तुम्हालाही हे आधी विचित्र वाटले असेल. मी आपाला पहिल्यांदा 'तू' म्हटले, तेव्हा अम्मीने डोळे वटारले. आपा हसली. पुढे आमची सगळी भांडणे मराठीत होऊ लागली. 'आप' म्हटले की आवाज आपोआप खाली येतो. मग भांडणार कसे?

आपा लग्न होऊन तिरोड्याला गेली. मला बी.एड.ला प्रवेश मिळाला, तेव्हा पहिली फी तिने भरली. ते पैसे तिने विड्यांच्या मजुरीतून साठवले होते. मी उर्दूत, अदबीने, नको म्हटले. तिने मराठीत उत्तर दिले, "तू चूप बस."

आता आपा चाळिशीला आली आहे. यंदा तिने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. शाळा सुटलेल्यांना या फॉर्मवर बाहेरून परीक्षा देता येते. गणिताची तिला भीती नाही, हजारांचे हिशेब तिने खूप केले आहेत. रात्री फोनवर ती मला धडा वाचून दाखवते. परवा तिने मध्येच थांबून विचारले, "पेपरात डोरा लिहिला, तर गुण कापतात का गं?"

"कापतात," मी म्हटले.

"बरं. त्या एका दिवसापुरता डोळा लिहीन."