बुडी मारून ये हं!

"म्हणजे तू पाणबुडीत बसतोस?" पुण्याच्या काकू दर दिवाळीला विचारतात. आत बसायला जागाच नसते, हे मी दर दिवाळीला सांगतो. आमचं यान एकटंच जातं. सकाळी त्याला वाट, खोली, वेळ सगळं पढवायचं, क्रेननं अलगद पाण्यात सोडायचं, की इंजिनिअरसाहेब मोकळे! मोकळे म्हणजे डेकवर येरझारा घालायला.

खाली रेडिओलहरी पोचत नाहीत. म्हणजे उपग्रह आंधळा, वायरलेस मुका. उरतो आवाज. तो पाण्यात सेकंदाला दीड किलोमीटर धावतो खरा, पण निरोप आणतो तारेसारखा त्रोटक. कधी तेवढाही नाही. अमेरिकेतल्या वुड्स होलचं 'एब' नावाचं यान २२१ बुड्या मारून शहाण्यासारखं परत आलं होतं. २०१० साली चिलीजवळ २२२व्या बुडीला गेलं, ते गेलंच. ही गोष्ट डेकवर कुणी काढत नाही.

ठरल्या वेळेवर दहा मिनिटं झाली, की कुणीतरी विचारतं, "चहा घेणार?" प्रश्न चहाचा नसतो.

मग लाटांत पिवळा ठिपका दिसतो, आणि आधी येतो तो रागच! उशिरा घरी आलेल्या कार्ट्याचा यावा तसा. त्याला वर ओढायचं, गोड्या पाण्यानं आंघोळ घालायची, आणि एवढा वेळ कुठं उनाडत होतास, ते संगणकावर वाचत बसायचं.