कॅमेऱ्याचे सेल

कॉलेजची पायरी चढलेला मी आमच्या घरातला पहिलाच. त्यामुळे मामाने दिलेला जुना डिजिटल कॅमेरा बंद पडला, तेव्हा अण्णा म्हणाले, "तू शिकलेला, कुठले सेल घ्यायचे ते तूच बघ."

मी घड्याळात घालतात ते स्वस्त पेन्सिल सेल आणले. आजीचा एकही फोटो घरात नव्हता. ती नवे लुगडे नेसून ओट्यावर बसली. भिंग बाहेर आले आणि कॅमेरा मिटला. "राहू दे रं, माझा कसला फोटू!" आजी म्हणाली. मला मान वर करवेना.

शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी उलगडून सांगितले. घड्याळाला थेंबभर वीज पुरते, कॅमेऱ्याला एकदम लोंढा लागतो. साधा सेल १.५ व्होल्टचा खरा, पण ओझे पडताच त्याचा दाब कोसळतो. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचाच, तरी तो ओझ्याखाली तग धरतो आणि शेकडो वेळा चार्ज होतो.

दोन सेल आणि चार्जर यांत अण्णांची तीन दिवसांची मजुरी गेली. ते काही बोलले नाहीत.

आता आजी भिंतीवर आहे आणि खाली खाटेवरही! आकडा मोठा म्हणून दम मोठा नसतो, हे गुणपत्रिका हाती घेतानाही मला आठवते.