गुंजेचं बी



आमच्या घरी पितळेची एक डबी आहे, आजेसासऱ्यांच्या सराफीतली. आत लालभडक गुंजा, प्रत्येकीला काळा डोळा. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, म्हणून मोजून 96. पुढे 1956 च्या कायद्याने ग्रॅम आले आणि डबी कपाटात गेली. पेरायला त्यातली एकही द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. शेवटी कामशेतजवळच्या एका कुंपणावर तडकलेल्या शेंगा दिसल्या, त्यातल्या 10 बिया मी आणल्या.

गुंज आपल्याच मातीतली वेल, एकदा लागली की वर्षानुवर्षं टिकते. पाला गोड, विड्यात घालतात. पण बी फार टणक. मागच्या वर्षी तशीच पेरली होती, मावळचा एवढा पाऊस पिऊनही ढिम्म हलली नाही! पाणी आत जायला साल घासावी लागते. काळ्या डोळ्याकडून कोंब येतो, म्हणून लाल टोकाला पॉलिशपेपरने घासायची, आतला फिका रंग दिसेपर्यंतच. मग रात्रभर पाण्यात. फुगेल ती पेरायची, न फुगलेली पुन्हा घासायची. आषाढी चौदसनंतर आमच्याकडे माती उकरत नाहीत, त्यामुळे हे सगळं जूनच्या सुरुवातीलाच उरकायचं होतं.

आता खरी गोष्ट. गुंज विषारी. अख्खी गिळली तर त्या टणक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा फुटलेली मात्र जिवावर बेतते. म्हणजे घासून मी तीच साल उघडत होते, आणि घरात तीन वर्षांचा नातू. हातमोजे घातले, दार लावलं, तरी मोजताना 9 च भरल्या.

सख्यांनो, ती पंधरा मिनिटं! सासूबाईंनी नातवाचं तोंड बोट घालून तपासलं, मी जमिनीवर पालथी. बी सापडलं पॉलिशपेपरच्या घडीत. जयणा, जयणा म्हणून मी इतरांना सांगत फिरते, आणि दुमडलेला कागद झटकायचं मलाच सुचलं नव्हतं. कागद गुंडाळून टाकला, फरशी दोनदा पुसली.

10 पैकी 4 उगवल्या. तीन मी कामशेतच्या त्याच कुंपणाला नेऊन लावल्या, एक गच्चीवर ठेवली. चिंचेसारखी बारीक पानं, संध्याकाळी मिटतात. आमच्या चौविहाराची वेळ तीच. सासूबाई पानं बघून म्हणतात, "हिचंही झालं जेवण."

गच्चीच्या दाराला मात्र त्यांनी वरची कडी बसवून घेतली आहे. शेंगा धरल्या की तडकायच्या आधी सगळ्या काढायच्या, आणि मोजून त्यांच्या हातात द्यायच्या, असं ठरलंय.