मामूंचा तंबोरा

मिरजेचे आमचे मामू डोळ्यांमुळे आता काम थांबवणार. त्यांचा शेवटचा तंबोरा गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी घरातच फोटो काढले. फ्लॅशने पॉलिशवर पांढरा डाग पडतो. तो बंद ठेवला, खोलीतले दिवेही मालवले. उत्तरेच्या खिडकीला पांढरी ओढणी लावली आणि दुसऱ्या अंगाला पांढरा पुठ्ठा उभा केला. तिरप्या उजेडात भोपळ्याची गोलाई उठून आली. घोडीचा फोटो अगदी जवळून घेतला, कारण तिथली जवारी मामूंनी कानाने लावलेली.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने गावाचं नाव जपलं जाईल. पण अमुक वाद्य कुणी घडवलं, हे घरच्यांनीच जपायचं. म्हणून एका फोटोत मामूंनाही तंबोऱ्याशेजारी बसवलं आणि मागे त्यांचं नाव, तारीख लिहिली.