सात नंबरचं चॅनेल

केबल बंद केल्यावर टीव्ही कॉम्प्युटरवरच बघायचा, असं घरात ठरलं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून मॅनहॅटन पंचवीस-तीस मैल. तिथल्या उंच इमारतींच्या माथ्यावरून न्यूयॉर्कची मोठी चॅनेल फुकट प्रक्षेपित होतात. कॉम्प्युटरला यूएसबी ट्यूनर लावला आणि खिडकीच्या काचेवर चपटा अँटेना चिकटवला. बाकीची चॅनेल लख्ख आली, पण ७ नंबरचं एबीसी येईना. नेमक्या बास्केटबॉलच्या फायनल त्याच चॅनेलवर! "बाबा, परत अडकलं," मुलगा दर पाच मिनिटांनी सांगायचा.

मुंबईत लहानपणी सिग्नल हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी मुंग्यांआडून मॅच दिसायची. डिजिटलमध्ये अधलंमधलं काही नाही. इथल्या पद्धतीत सिग्नल गोंगाटाच्या साधारण १५ डेसिबल वर असेल तोवर चित्र निर्मळ असतं. त्याखाली घसरला की चौकोन दिसू लागतात आणि मग काहीच उरत नाही.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण संपलं, तेव्हा न्यूयॉर्कचं एबीसी आपल्या जुन्या ७ नंबरवरच, म्हणजे १७४ ते १८० मेगाहर्ट्झवर डिजिटल झालं. हे व्हीएचएफ. त्या लहरीची लांबी जवळजवळ पावणेदोन मीटर, तिला अँटेनाच्या दोन दांड्या मिळून पंच्याऐंशी सेंटिमीटर तरी हव्यात. काचेवरचा फूटभराचा चौकोन यूएचएफच्या आखूड लहरींसाठी बनवलेला. अँटेनाच्या खोक्यावर किती मैल छापलेत याला म्हणूनच मी काडीची किंमत देत नाही.

लांब दांड्यांचा अँटेना आणला. चित्र आलं, पण टिकेना. मग एका रात्री घरातले एलईडी दिवे आणि कॉम्प्युटर बंद केले, ट्यूनर बॅटरीवरच्या लॅपटॉपला लावला आणि एबीसी तासभर न अडखळता चाललं! गोंगाट घरातच होता. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, स्वस्त दिवे, चार्जर यांची खरखर यूएचएफपेक्षा व्हीएचएफमध्ये जास्त घुसते. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायर लावून भागत नाही, सिग्नलबरोबर तो खरखरही वाढवतो.

म्हणून ट्यूनरच कॉम्प्युटरपासून लांब नेला. माळ्यावर अँटेना, त्याच्या शेजारी नेटवर्कला जोडायचा एचडीहोमरन ट्यूनर, आणि तिथून खाली फक्त इथरनेटची वायर. हा ट्यूनर तीन आकडे दाखवतो: सिग्नलची ताकद, त्याची गुणवत्ता आणि सिंबॉल क्वालिटी. लोक पहिल्यावर खूश होतात. मी तिसरा बघतो. तो शंभरावरून हलला की समजायचं, चित्र तुटतंय.

परवा एका मित्राकडे हेच करून दिलं. त्याचा कॉम्प्युटर तळघरात, अँटेनाही तिथेच. "आधी माळ्याची शिडी काढ," मी म्हटलं.