दोन फटक्यांमधली वाट

गोल्फचा एक फटका मारायला दोन सेकंदही लागत नाहीत. अठरा होलांच्या फेरीत कसलेला खेळाडू सत्तरएक फटके मारतो, म्हणजे प्रत्यक्ष खेळ झाला जेमतेम दोन-तीन मिनिटांचा. फेरी मात्र चार-साडेचार तास चालते. बाकीचा बहुतेक वेळ जातो तो चालण्यात. आठ-दहा किलोमीटर गवत तुडवायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं, मघाशी हुकलेला पट (चेंडू होलात ढकलण्यासाठीचा हलका फटका) मनातून काढून टाकायचा. टीव्हीवर आपल्याला फटके दिसतात आणि शेवटी उंचावलेला चषक दिसतो. पण थोर गोल्फपटूंच्या कहाण्या वाचताना मला दर वेळी वाटतं, की त्यांच्या मनात घर करून राहिलेलं बरंचसं या मधल्या वाटेवर घडलेलं असतं. आणि ती वाट कुणाच्या सोबतीने चालली, यालाच तिथे सगळ्यात जास्त मोल असतं.

एकेरी सामन्यात गोल्फपटूला सल्ला मागायची मुभा नियमाने एकाच माणसापुरती आहे: त्याचा कॅडी. प्रशिक्षक दोरीपलीकडे उभा असेल, बायको, भाऊ, कुणीही असेल; कोणता क्लब घेऊ, हे त्यांना विचारता येत नाही. वीसएक किलोची बॅग खांद्यावर घेऊन चालणारा तो एकच माणूस काय ते बोलू शकतो.

अमेरिकन गोल्फपटू टॉम वॉटसनच्या आयुष्यात तो माणूस होता ब्रूस एडवर्ड्स. 1973 साली सेंट लुइसमधल्या एका क्लबच्या पार्किंगमध्ये हा अठरा वर्षांचा, नुकतीच शाळा संपवलेला मुलगा काम मिळवायला उभा होता. वॉटसन तेव्हा तेवीस वर्षांचा, अजून एकही स्पर्धा न जिंकलेला. तिथे जुळलेली गाठ तीस वर्षं टिकली. मध्ये काही वर्षं ब्रूस ग्रेग नॉर्मन या दुसऱ्या गोल्फपटूकडे गेला आणि परत वॉटसनकडेच आला.

जानेवारी 2003 मध्ये ब्रूसला एएलएस असल्याचं निदान झालं. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. बोलणं जड होतं, हात-पाय लुळे पडतात, शेवटी श्वासही. बरं करणारं औषध नाही. त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोजवळच्या ऑलिंपिया फील्ड्सला अमेरिकन ओपन होती. त्रेपन्न वर्षांच्या वॉटसनला संयोजकांनी खास प्रवेश दिला होता. ब्रूसची जीभ तोवर अडखळू लागली होती, तरी बॅग त्याच्याच खांद्यावर होती.

पहिल्या दिवशी बाराव्या होलवर वॉटसनने फेअरवेवरून मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला. पुढे सातव्या होलवर (त्या दिवशी त्यांनी दहाव्यापासून सुरुवात केली होती) लांबचा एक पट होलच्या अगदी काठावर येऊन थांबला. आता काही पडत नाही, असं वाटेपर्यंत तो तसाच थांबला आणि मग आपणहून आत पडला. 65 फटके! आपल्याहून कितीतरी तरुण खेळाडूंच्या मैदानात वॉटसन संयुक्त आघाडीवर होता. पण दोरीपलीकडची गर्दी ‘ब्रूस, ब्रूस’ असा गजर करत होती. कॅडीच्या नावाने एवढा जयघोष गोल्फने क्वचितच ऐकला असेल. फेरीनंतर बोलताना वॉटसनला रडू आवरलं नाही.

ती स्पर्धा तो जिंकला नाही, अठ्ठाविसाव्या स्थानापर्यंत घसरला. त्यानंतर वर्षअखेरीस ज्येष्ठांच्या मालिकेत अव्वल ठरून मिळालेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस त्याने एएलएसशी लढण्याच्या कामाला देऊन टाकलं. 8 एप्रिल 2004 रोजी पहाटे ब्रूस गेला. मास्टर्स स्पर्धेचा तो पहिला दिवस होता. वॉटसन त्या दिवशी खेळला. आठ मोठ्या अजिंक्यपदांच्या या माणसाचं चरित्र मी लिहायला घेतलं, तर सगळ्यात जास्त पानं त्या जूनमधल्या गुरुवारी खर्च करीन.

स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीच्या मैदानावरच्या वॉटसनच्या दोन कहाण्याही त्याच जातीच्या. 1977 च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटचे दोन दिवस वॉटसन आणि जॅक निक्लॉस एकत्र खेळले, आणि बाकीचे पार मागे पडले. वॉटसन एका फटक्याने जिंकला. तिसरा आलेला खेळाडू त्याच्यापेक्षा अकरा फटक्यांनी मागे होता. पण शेवटच्या टप्प्यात, लढत ऐन रंगात असताना, वॉटसन प्रतिस्पर्ध्याला म्हणाला होता, की याचसाठी तर सगळा खटाटोप असतो, नाही का? निक्लॉसने मनापासून होकार दिला. हरल्यावर निक्लॉस त्याच्या गळ्यात हात टाकून ग्रीनवरून बाहेर पडला.

बत्तीस वर्षांनी, 2009 साली, तेच मैदान. वॉटसन एकोणसाठ वर्षांचा, नऊ महिन्यांपूर्वी खुब्याचा सांधा बदललेला. शेवटचा होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत, पुरा केला असता तर सहाव्यांदा ब्रिटिश ओपन त्याची होती. आठ नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू छान उडाला, पण ग्रीनवर उसळून मागच्या बाजूला घरंगळला, आणि मग पारचा पट हुकला. प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंक जिंकला. पत्रकारांच्या तंबूत सुतकी चेहरे बघून वॉटसनच म्हणाला, अहो, इथे कुणाचं मयत झालेलं नाही.

आपल्याकडे 7 ऑगस्ट 2021 च्या शनिवारी ज्यांनी कधी गोल्फ बघितला नव्हता तेही सकाळी टीव्हीसमोर बसले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. एका फटक्याने कांस्यपदक हुकलं. सगळे हळहळले, मीही हळहळलो. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सकाळ मागे पडली. पण त्या सकाळचं माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. रिओ ऑलिंपिकला अदितीची बॅग वडिलांनी उचलली होती, टोकियोत आईने उचलली. जपानच्या ऑगस्टमधल्या त्या जीवघेण्या उकाड्यात माहेश्वरीबाई चारही फेऱ्या लेकीबरोबर चालल्या. जगभरातल्या नामवंत खेळाडूंचे कॅडी म्हणजे मुरलेले व्यावसायिक, आणि त्यांच्यात ही आई. पुढे कधी अदिती निवांत बोलायला बसली, तर त्या शेवटच्या पटाबद्दल मी तिला काहीच विचारणार नाही. एका होलवरून दुसऱ्यावर जाताना त्या मायलेकी काय बोलत होत्या, तेवढं मात्र मला तिच्या तोंडून ऐकायचंय.