केसपेपर कोण लिहितो?

आपल्यातला कुणी डॉक्टर झाला की वाडीत बॅनर लागतो. लागायलाच हवा. पण डॉक्टरच्या शेजारच्या टेबलावर बसून केसपेपर, योजनेचे कागद, डिस्चार्ज कार्ड, जन्म-मृत्यूचे अहवाल लिहिणाऱ्या माणसाबद्दल चळवळीत कुणी बोलत नाही. 'कारकुनी' म्हणून आपण ते सोडून देतो. समाजशास्त्रात एम.ए. करून मी समाजकार्यात आले. मध्ये पोटासाठी अडीच वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात हेच काम केलं, कंत्राटी पद्धतीने. त्या खुर्चीतून जात जशी दिसते, तशी ती मला एम.ए.च्या एकाही पेपरात दिसली नव्हती.

कोकणात नुसत्या आडनावावरून जात कळत नाही. जाधव, पवार, मोहिते मराठ्यांत आहेत आणि आपल्यातही आहेत. मग ते काम पत्त्याचा रकाना करतो. 'मु. पो. अमुक, बौद्धवाडी' एवढं लिहिलं की पुढे काही विचारावं लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तरी माझ्यासमोर येणाऱ्या रेशन कार्डांवर जुनेच पत्ते होते. (बौद्धवाडी हे नाव बदलावं का, यावर आपल्यातच दोन मतं आहेत. माझं मत, बदलू नये. महारवाडा पुसून कमावलेलं नाव आहे ते. पण तो वेगळा लेख होईल.)

एकदा साठीच्या आसपासचे एक काका कावीळ घेऊन आले. डोळे पिवळेजर्द, सोबत बायको. शिकाऊ डॉक्टरने पत्ता वाचला, पेशंटकडे एकदा बघितलं आणि मला सांगितलं, "लिहा, क्रॉनिक अल्कोहोलिक." मी म्हटलं, "सर, त्यांना विचारलं का?" त्याला ते आवडलं नाही. मीच विचारलं, "काका, दारू घेता का?" काकांच्या आधी मावशीच बोलल्या, "बाय, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाय." मी तो शब्द लिहिला नाही. पुढे सोनोग्राफीत पित्तनळीत अडकलेला खडा निघाला.

यात माझा काही पराक्रम नाही. मुद्दा वेगळाच आहे. तो एक शब्द कागदावर आला असता तर माणसासोबत चालत राहिला असता. डिस्चार्ज कार्डावर उतरला असता, ते कार्ड घेऊन काका कोल्हापूरला किंवा मुंबईला केईएमला गेले असते, तर तिथल्या डॉक्टरने आधी तोच वाचला असता. विम्याचा दावा करायची वेळ आली असती, तर तिथेही तो आडवा आला असता. आणि कार्ड इंग्रजीत. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे काकांना कधी कळलंही नसतं.

दुसरा रकाना धर्माचा. जन्माच्या आणि मृत्यूच्या अहवालात तो असतो. माझ्या आधी त्या टेबलावर असलेली व्यक्ती तो न विचारताच भरायची: हिंदू. मी विचारायला लागले. काही जण ठामपणे बौद्ध म्हणायचे. काही जण हळूच म्हणायचे, "हिंदूच राहू दे, नायतर सवलत जाईल." १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीची मान्यता मिळाली, याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ती भीती अजून वाडीत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध साधारण ६५ लाख, म्हणजे ५.८ टक्के मोजले गेले. आकडा कमी का, यावर आपण व्याख्यानं ठेवतो. जनगणना वेगळी आणि हे अहवाल वेगळे, हे मला माहीत आहे. पण न विचारता रकाना भरायची सवय दोन्हीकडे एकच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. योजना चांगली आहे, २०२३ मध्ये तिचं संरक्षण कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. पण रेशन कार्डावर 'सखुबाई', आधारवर 'शकुंतला', की मंजुरी अडकली. अशा वेळी "उद्या या" म्हणायचं, की कुठला दाखला कुठून आणायचा ते समजावून सांगायचं, हे टेबलावरचा माणूस ठरवतो. ऑपरेशन आज होणार की पंधरा दिवसांनी, हेही त्यावरच ठरतं.

मग त्या टेबलावर कोण बसतं?

संविधानाचं कलम १६(४) राज्याच्या सेवेतल्या पदांसाठी आहे. मी राज्याच्या सेवेत नव्हते, एजन्सीची होते. पगार दोन-दोन महिने लांबायचा, पीएफ कापतो म्हणायचे, पावती कधी दिसली नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की एजन्सीला बिंदुनामावली नसते. मालकाची ओळख, पुढाऱ्याची चिठ्ठी, झालं. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ९ खासगी एजन्सींमार्फत भरतीची वाट मोकळी केली होती. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. आपण जिंकलो म्हणून घरी गेलो. माझ्या टेबलाचं पद मात्र त्यानंतरही एजन्सीकडेच राहिलं.

सफाईच्या कामाला लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाहक्क आहे. तो टिकलाच पाहिजे, त्यावर कितीतरी घरं उभी आहेत. पण चित्र काय झालं बघा. त्याच इमारतीत झाडूची जागा बापाकडून पोराला मिळते, आणि लेखणीची जागा, जी आरक्षणामुळे आपल्याला खुली झाली होती, ती जाहिरात न निघताच भरली जाते.

आमच्या तालुक्यातल्या तीन मुलांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. कुणाला आपल्या तालुक्यासाठी वापरायचा असेल तर त्यातले प्रश्न असे: रुग्णालयात लिपिक आणि डेटा एन्ट्रीची मंजूर पदं किती, त्यांतली कायम भरलेली किती, एजन्सीमार्फत किती, एजन्सीशी झालेल्या कराराची प्रत, आणि मंजूर पदांची बिंदुनामावली शेवटची कधी तपासली गेली. फी दहा रुपये. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील.